वाचनालयातील बालचित्रकला वर्ग: आधी फळ्यावरचा मासा पुसा

महोदय,

सुट्टी जवळ आली की छोट्या वाचनालयांच्या फलकावर ‘बालचित्रकला वर्ग’ अशी पाटी लागते. पुस्तकांची चार कपाटे, एक लांब टेबल आणि दोन हौशी शिक्षक एवढ्यावर हे वर्ग उभे राहतात. ते टिकावेत, वाढावेत असे आम्हाला मनापासून वाटते आणि म्हणूनच हे पत्र. अशा बहुतेक वर्गांत एक दृश्य ठरलेले असते. फळ्यावर शिक्षकांनी काढलेला मासा आणि समोरच्या पंधरा मुलांच्या कागदांवर तोच मासा, पंधरा वेळा. एखाद्याचा जरा वाकडा झाला की शिक्षक पुढे होऊन त्याच्या हातातली पेन्सिल घेतात आणि शेपूट नीट करून देतात. आमचे म्हणणे असे की तो मासा पुसावा आणि मुलाच्या कागदाला मोठ्या माणसाने हात लावू नये. त्यासाठी वाचनालयाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत आणि हाताशी चित्रांची पुस्तके आहेत.

हा विचार काही आजचा नव्हे. व्हिएन्नात चित्रकार-शिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग उघडला तो मुलांना त्यांच्या मनातले काढू द्यायचे म्हणून. जपानमध्ये चित्रकार कानाए यामामोतो यांनी १९१९ मध्ये मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरवले. शाळांतून चालणाऱ्या नमुन्याबरहुकूम चित्रकलेला त्यांचा स्पष्ट विरोध होता. शंभर वर्षे उलटून गेली तरी फळ्यावरचा मासा मात्र जागचा हलला नाही. याचे एक कारण असे की नमुना देणे सोपे असते. नमुना काढून घेतला की शिक्षकाचे काम वाढते. वर्गाआधीची तयारी, विषय कसा द्यायचा, रंग कोणते ठेवायचे, पाणी कुठे ठेवायचे, सगळ्याचा विचार करावा लागतो. ‘मुलांना मोकळे सोडले’ म्हणजे कागद वाटून बाजूला बसणे, असा अर्थ घेतला तर दहाव्या मिनिटाला गोंधळ सुरू होतो आणि शिक्षक पुन्हा माशाकडे वळतात.

सुरुवात वयापासून करावी. पाच वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल एका टेबलाशी बसवू नये. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले ते वर्ग घेणाऱ्याला आजही उपयोगी पडतात. साधारण दोन ते चार वर्षे रेघोट्यांची. चार ते सात या वयात मोठे डोके आणि त्यातूनच निघालेले हातपाय दिसतात. सात ते नऊ या वयात मूल कागदाच्या तळाशी एक रेघ ओढते आणि सगळी माणसे, झाडे, घरे त्या रेघेवर उभी करते. आकाश वरच्या कडेला निळ्या पट्टीसारखे येते आणि मधली जागा कोरी राहते. घराच्या भिंतीआडची माणसेही दिसतात. या चुका नाहीत. ‘आकाश खालपर्यंत येते, रंगव’ असे सात वर्षांच्या मुलाला सांगितले तर ते ऐकते, रंगवते, पण त्याला ते पटलेले नसते. नऊच्या पुढे मूल स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने बघू लागते, खोडरबर मागू लागते, ‘मला येत नाही’ म्हणू लागते. या वयाला खरोखर काही शिकवावे लागते: जवळचे मोठे आणि लांबचे लहान कसे दिसते, एकामागे दुसरी वस्तू कशी लपते, सावली कुठल्या बाजूला पडते. तेही वस्तू समोर ठेवून शिकवावे.

म्हणून दोन गट करावेत, सहा ते आठ आणि नऊ ते बारा. एका वेळी बारा मुले आणि दोन मोठी माणसे. बाराच्या वर गेले की एक शिक्षक सतत पाण्याच्या मागे असतो आणि दुसरा नाक पुसण्याच्या, चित्राकडे कोणी बघत नाही. लहान गटाला एक तास, मोठ्याला दीड तास. लहानांच्या तासातली पहिली दहा मिनिटे ऐकण्या-बोलण्याची, पुढची पस्तीस कामाची आणि शेवटची पंधरा आवरण्याची. ही शेवटची पंधरा मिनिटे कापून ‘अजून थोडे रंगवू द्या’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. आवरणे हा वर्गाचाच भाग आहे. शिवाय पुढच्या तासाला त्याच टेबलावर कुणीतरी मासिक वाचायला येऊन बसणार असते.

टेबलाचेही एक सांगायला हवे. वाचनालयातली टेबले मोठ्यांसाठी केलेली, साधारण ७५ सेंटिमीटर उंच. सहा वर्षांचे मूल त्याच्यापुढे खुर्चीवर बसले की टेबल छातीशी येते, खांदे वर चढतात आणि फक्त बोटे हलतात. मग चित्र कागदाच्या एका कोपऱ्यात नखाएवढे होते आणि शिक्षक म्हणतात, ‘मोठे काढ’. दोष मुलाचा नसतो. अशा मुलांना जमिनीवर बसवून परीक्षेला वापरतात तसा पॅड द्यावा किंवा टेबलाशी उभे राहू द्यावे. खांद्यातून हात फिरला की चित्र आपोआप मोठे होते.

आता विषय. ‘पाऊस काढा’, ‘निसर्गचित्र काढा’ असे म्हटले की काय येते ते सगळ्यांना माहीत आहे: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, एक झोपडी आणि आकाशात चार पक्षी. हे चित्र मुलाने पाहिलेले नसते, पाठ केलेले असते. विषय देताना मुलाला त्या जागी नेऊन उभे करावे लागते. ‘तू पलंगाखाली लपला आहेस आणि कोणीतरी तुला शोधते आहे. तिथून तुला काय काय दिसते?’ असे विचारले की पाय येतात, चादरीची कड येते, हरवलेला चेंडू येतो, धूळ येते. पाठ केलेले चित्र इथे उपयोगी पडत नाही, म्हणून मूल आठवू लागते. प्रश्नात तीन गोष्टी असाव्यात: मी कुठे आहे, मी काय करतो आहे आणि माझ्या आसपास काय आहे. दोन-तीन मुलांना बोलते करावे आणि लगेच कागद द्यावेत. बोलणे फार लांबले की चित्र तोंडातच संपते.

वाचनालयाला यापेक्षाही चांगली एक युक्ती साधते आणि ती चित्रकलेच्या शाळेला सहसा जमत नाही. कपाटातले एखादे सचित्र गोष्टीचे पुस्तक घ्यावे, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घालावे म्हणजे मुखपृष्ठ दिसणार नाही, आणि चित्रे न दाखवता एक-दोन पाने मोठ्याने वाचावीत. जिथे काहीतरी घडणार आहे तिथे थांबावे. घडून गेल्यावर नव्हे, घडायच्या आधी. राक्षस दाराशी आला आहे, दार अजून उघडलेले नाही. मग मुलांनी तो राक्षस काढावा. बारा मुलांचे बारा राक्षस होतात. कुणाचा दारात मावत नाही, कुणाचा इतका लहान असतो की कडीपर्यंत हात पुरत नाही. सगळ्यांचे झाल्यावर पुस्तक उघडून त्या चित्रकाराने काय केले ते दाखवावे. या क्रमात बदल करू नये. पुस्तकातले चित्र आधी दाखवले की तेच फळ्यावरचा मासा होऊन बसते. नंतर दाखवले की मुले त्याच्याकडे बरोबरीच्या नात्याने बघतात: ‘यांनी दार नुसते अर्धेच दाखवले’, ‘यांनी राक्षसाची फक्त सावली काढली’. चित्राची मांडणी म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला तास आम्हाला माहीत नाही. आणखी एक फायदा असा की मुले ते पुस्तक त्याच दिवशी घरी न्यायला मागतात. म्हणून शक्य असल्यास दोन प्रती असलेले पुस्तक निवडावे.

साहित्याकडे वळतो. एका वर्गात एकच माध्यम. मेणखडू, स्केचपेन, पोस्टर कलर आणि पेन्सिली एकदम टेबलावर मांडल्या की मुले निवडण्यातच दमतात.

कागदात काटकसर करण्याची जागा चुकते. झेरॉक्सचा कागद ७०–८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो. पेन्सिलीला, खडूला तो चालतो, पण त्यावर पाण्याचा रंग लावला की तो लाटांसारखा उठतो. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. ओला भाग फुगतो, कोरडा तसाच राहतो आणि मध्ये घड्या पडतात. त्या खळग्यांत रंग साचतो, मूल तिथे पुन्हा कुंचला फिरवते आणि कागद लोकरीसारखा उसवून भोक पडते. मुलाला वाटते आपलेच काहीतरी चुकले. पोस्टर कलरला किमान १५० जीएसएमचा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड) कागद आणि पातळ जलरंगांना २०० किंवा त्याहून जाड कागद घ्यावा. २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण शीटचे चार भाग केले की ११ बाय १५ इंचांचा पाव शीट मिळतो आणि तो या वयाला अगदी योग्य. बारा मुलांना तीस पाव शीट, म्हणजे आठ पूर्ण शीट लागतात. प्रत्येकी दोन आणि वर सहा. ‘माझे बिघडले’ म्हणणाऱ्याला दुसरा कागद देता आला पाहिजे. पण तो लगेच देऊ नये. आधी पहिल्यावर काय झाले ते त्याच्याबरोबर बघावे. निम्म्या वेळा बिघडलेले काही नसते.

पेन्सिलीने आधी काढून मग रंगवायची सवय लहान गटात मोडावी. पेन्सिलीचे टोक बारीक, म्हणून चित्र बारीक निघते, आणि जाड कुंचल्याने त्या बारीक रेघांच्या आत रंग भरताना मूल रडकुंडीला येते. थेट खडूने किंवा कुंचल्याने सुरुवात करू द्यावी. मोठ्या गटाला पेन्सिल लागतेच, तेव्हा कडक शिशाची एचबी न देता मऊ शिशाची २बी किंवा ४बी द्यावी. एचबी दाबून चालवली की कागदात चर पडतो आणि पुढे रंग त्या चरात जाऊन बसतो. खोडरबराने कागदाचा वरचा गुळगुळीत थर खरवडला जातो आणि रंग तिथे डाग पडल्यासारखा जास्त शोषला जातो. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढायला सांगावे. सगळे चित्रकार हेच करतात.

रंगांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मुलांची सर्वाधिक निराशा होते. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो, असे सांगितले जाते. मूल मिसळते आणि चिखल होतो. कारण डब्यातला लाल बहुधा शेंदरी झाक असलेला, स्कार्लेट जातीचा असतो. त्यात पिवळ्याचा अंश असतो. निळा ‘प्रशियन ब्लू’ असेल तर तो हिरव्याकडे झुकलेला असतो. म्हणजे मिसळताना लाल, निळ्याबरोबर पिवळाही शिरतो आणि तिन्ही एकत्र आले की तपकिरी होते. निळसर झाकेचा लाल म्हणजे क्रिमसन आणि जांभळ्याकडे झुकलेला निळा म्हणजे अल्ट्रामरीन मिसळून बघा, स्वच्छ जांभळा मिळेल. उलट झगझगीत हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्लू घ्यावा. केशरीसाठी स्कार्लेट आणि गडद पिवळा. म्हणून बारा रंगांचा डबा घेण्यापेक्षा सहाच रंगांच्या मोठ्या बाटल्या घ्याव्यात: लेमन यलो, गडद पिवळा, स्कार्लेट, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. वर पांढरा. पांढरा आणि लेमन यलो सर्वांत आधी संपतात, ते दुप्पट असू द्यावेत. काळा पहिले चार-पाच वर्ग कपाटातच राहू द्यावा. तो हाती आला की मुले गडद करण्यासाठी प्रत्येक रंगात तोच घालतात आणि मिसळण्याचा शोध तिथेच थांबतो.

मिसळताना नेहमी फिक्या रंगात गडद रंग घालावा. पिवळ्यात निळ्याचा एक ठिपका पुरतो, प्रशियनचा तर कुंचल्याच्या टोकाएवढाच. उलटे केले, निळ्यात पिवळा ओतत गेले, तर अर्धी बाटली संपते तरी हिरवा दिसत नाही. हे सांगून न थांबता एक वर्ग यालाच द्यावा. प्रत्येक मुलाला फक्त लेमन यलो आणि प्रशियन ब्लू, आणि काम एवढेच की शेजाऱ्याच्या कागदावर नाही असा हिरवा करून दाखवायचा. अर्ध्या तासात टेबलावर शंभर हिरवे होतात आणि मग पुढच्या वर्गातल्या झाडांची पाने सगळी एकाच रंगाची होत नाहीत.

मोठी बाटली मुलाच्या हाती कधीही देऊ नये. प्रत्येक रंग एक चहाचा चमचा एवढाच, पांढऱ्या ताटलीत किंवा पांढऱ्या टाइलवर काढून द्यावा. रंगीत ताटलीत मिसळलेला रंग खरा दिसत नाही. पोस्टर कलर किती पातळ करावा, याची खूण अशी: कुंचला उचलला की थेंब टोकाला क्षणभर लोंबला पाहिजे. लगेच टपकला तर पाणी जास्त झाले, लोंबलाच नाही तर कमी. जाड थर वाळल्यावर तडकतो आणि कागद गुंडाळला की खवले गळतात. कुंचले दोन प्रकारचे पुरे: ८ किंवा १० नंबरचा गोल आणि अर्ध्या इंचाचा चपटा. २ नंबरचा बारीक कुंचला लहान मुलाला देणे म्हणजे चमच्याने विहीर उपसायला लावणे.

साहित्य घेताना ‘बिनविषारी’ अशी स्पष्ट खूण असलेलेच घ्यावे आणि सुटी रंगाची भुकटी वर्गात आणू नये. अस्सल क्रोम यलोमध्ये शिसे असते, अस्सल व्हर्मिलियनमध्ये, म्हणजे शेंदरी लालात, पारा. मुलांच्या रंगांत त्याऐवजी दुसरी द्रव्ये वापरलेली असावीत, म्हणून बाटलीवरचे बारीक अक्षर वाचणे शिक्षकाचे काम आहे. भुकटी हवेत उडते आणि नाकातोंडात जाते. मुले कुंचला तोंडात घालून टोक करतात, ही सवयही पहिल्याच दिवशी थांबवावी.

पाणी आणि पुस्तके यांचे वैर सांभाळायचे असेल तर वर्गाआधी खोलीची वाटणी करावी. पाण्याचे काम कपाटांपासून किमान दोन मीटर दूर, शक्यतो नळाच्या बाजूला. उंच पेला नको, तो कोपराच्या एका धक्क्याने आडवा होतो. रुंद बुडाचे, बुटके भांडे घ्यावे आणि एक तृतीयांशच भरावे. दोघांत दोन भांडी: एकात कुंचला धुवायचा, दुसऱ्यात स्वच्छ पाणी घ्यायचे. भांडे उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या उजवीकडे असावे, नाहीतर ओला कुंचला दर वेळी चित्रावरून जातो. प्रत्येकाजवळ सुती फडके. टेबलावर आधी प्लास्टिकचे कापड, त्यावर जुनी वर्तमानपत्रे. आपल्या वर्तमानपत्राचा हा दुसरा उपयोग आपण मनावर घेणार नाही, अशी आशा आहे. त्याचा कागद पाणी चटकन शोषतो, एवढेच त्याचे कारण. चित्रासाठी संदर्भ म्हणून पुस्तक लागले तर ते शिक्षकाने हातात धरून दाखवावे किंवा कोरड्या टेबलावर ठेवावे. रंगाच्या टेबलावर पुस्तक नाही, या नियमाला अपवाद करू नये.

तरीही एखादे पुस्तक भिजतेच. तेव्हा ते उन्हात टाकू नये आणि इस्त्रीही फिरवू नये. पुठ्ठे वाकतात. पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी किंचित उघडावीत, दर काही पानांमागे टीपकागद घालावा, तो ओला झाला की बदलावा आणि पंख्याचा वारा बेताने लागू द्यावा. चकचकीत पानांचे पुस्तक असेल तर घाई करावी. ती पाने ओली असतानाच एकेक सुटी केली नाहीत तर वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. दोन दिवसांत पुस्तक वाळले नाही तर बुरशी धरण्याचा धोका असतो. तेवढ्यात वाळणार नाही असे दिसले तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे, बुरशी थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येते.

दोन वस्तू वाचनालयात आणूच नयेत, असे आमचे ठाम मत आहे. पहिली, पिठाची खळ. कागदकामाला ती उत्तम, पण तिच्यातल्या स्टार्चवर कसर आणि झुरळे येतात आणि खळ संपली की तीच कसर पुस्तकांच्या बांधणीकडे वळते. चिकटवायला पांढरा गोंद वापरावा. दुसरी, चमकी. ती एकदा सांडली की वर्षभर पुस्तकांच्या पानांत सापडत राहते. ऑइल पेस्टल आणायला हरकत नाही, पण त्यातले तेल पूर्ण वाळत नाही हे लक्षात ठेवावे. अशी चित्रे एकावर एक ठेवली की समोरच्या चित्रावर उमटतात. मध्ये बटर पेपर घालावा आणि पुस्तकात तर ती कधीच ठेवू नयेत.

ओल्या चित्रांची जागा आधीच मोजून ठेवावी. एका पाव शीटला सुमारे एक दशांश चौरस मीटर लागतो. बारा मुलांनी दोन-दोन चित्रे केली तर अडीच चौरस मीटर सपाट जागा हवी. दोरीवर ओली चित्रे टांगली की रंग ओघळतो. आधी आडवी वाळवावी, मग टांगावीत. कुंचले पाण्यात उभे ठेवून घरी जाऊ नये. केस वाकतात ते वाकतात, शिवाय पाणी पत्र्याच्या नळीत शिरून दांडा फुगतो आणि वाळल्यावर सैल होऊन डोके निघून येते. धुऊन, बोटांनी टोक करून आडवे ठेवावेत. ताटलीतला उरलेला रंग आधी कागदाने पुसून घ्यावा, मग धुवावी. तसाच नळाखाली धरला तर रंग सांडपाण्याच्या नळीत साचतो.

वाचनालयात घेण्यासारखा आणखी एक उपक्रम म्हणजे एका कागदाचे आठ पानी पुस्तक. त्याला शिवण लागत नाही, गोंद लागत नाही. ए३ आकाराचा, ८० ते १०० जीएसएमचा कागद घ्यावा. जाड कागदाला घड्या नीट बसत नाहीत. कागद लांबीच्या दिशेने अर्धा दुमडून उघडावा. मग रुंदीच्या दिशेने अर्धा आणि पुन्हा अर्धा दुमडावा. उघडल्यावर आठ चौकटी दिसतात, चार वर, चार खाली. आता रुंदीच्या दिशेने एकदाच अर्धा दुमडून, घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर एक चौकट होईल एवढेच कापावे. इथेच बहुतेकांची चूक होते. कात्री घडीऐवजी उघड्या बाजूने चालवली की कागदाच्या दोन्ही कडा चिरतात आणि पुस्तक होत नाही. बरोबर कापले असेल तर उघडल्यावर मध्यभागी दोन चौकटी लांबीची चीर दिसते. कागद पुन्हा लांबीच्या दिशेने दुमडून दोन्ही टोके आत ढकलावीत. चीर उघडून अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो आणि तो एका बाजूला मिटला की पुस्तक तयार: मुखपृष्ठ, सहा पाने, मलपृष्ठ.

चित्रे काढायची ती पुस्तक दुमडल्यानंतर. सपाट कागदावर आधी काढली तर चार चौकटी उलट्या होतात, कारण वरची ओळ दुमडताना फिरते. दुमडून पानांवर पेन्सिलीने १ ते ८ आकडे घालावेत. मग हवे तर उघडून, आकडा सरळ दिसेल असा कागद फिरवत काढावे. गोष्टीसाठी एकच अट घालावी: तिसऱ्या पानावर काहीतरी घडायला सुरुवात झाली पाहिजे आणि सातव्यावर ते संपले पाहिजे. तयार झालेल्या पुस्तकांना वाचनालयाने दाखल क्रमांक द्यावा, एका खणात ठेवावीत आणि इतर पुस्तकांसारखीच नोंद करून घरी न्यायला द्यावीत. आपले पुस्तक कुणीतरी नेले आहे, हे नोंदवहीत पाहताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

कात्रीबद्दल थोडेसे. साधारण दहातले एक मूल डावखुरे असते. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी बसवलेली असतात. डाव्या हातात ती कागद कापण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडते आणि मुलाला ‘कापता येत नाही’ असा शिक्का बसतो. बारा मुलांच्या वर्गात दोन डावखुऱ्या कात्र्या ठेवाव्यात. वळण कापताना कात्री नव्हे, कागद फिरवायचा, हे सगळ्यांनाच शिकवावे.

मुलाशी चित्राबद्दल बोलताना ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. त्या प्रश्नात ‘मला ओळखू येत नाही’ असे दडलेले असते. ‘याच्याबद्दल सांग ना’ म्हटले की मूल बोलते. ‘छान!’ एवढेच सगळ्यांना म्हटले तरी मुले ओळखतात की बघितलेले नाही. जे दिसते ते बोलावे: ‘इथे तू निळा तीनदा लावला आहेस’, ‘हा माणूस कागदाबाहेर निघाला आहे’. नाव आणि तारीख मागच्या बाजूला, पेन्सिलीने लिहावी. स्केचपेनने लिहिले तर पुढे उमटते.

प्रदर्शन भरवायचे तर प्रत्येक मुलाचे एक चित्र लावावे आणि ते मुलाने स्वतः निवडलेले असावे. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊ नयेत. ज्या दिवशी क्रमांक लागतात त्याच्या पुढच्या वर्गात पहिल्या क्रमांकाच्या चित्राच्या पाच नकला होतात. फळ्यावरचा मासा मागच्या दाराने परत येतो तो असा. चित्राचा मध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर ठेवावा, म्हणजे मुलांना मान वर न करता दिसेल. कपाटांना चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक राहतो. दोरी आणि चिमटे पुरतात. स्केचपेनची चित्रे खिडकीसमोर लावली तर काही आठवड्यांत फिकी पडतात, ती आतल्या भिंतीवर असावीत.

वाचनालयांच्या कार्यकारिणीला आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. एक, वर्गासाठी एक वही ठेवावी. तारीख, विषय, माध्यम, किती कागद लागले आणि काय फसले, एवढे चार ओळींत लिहावे. शिकवणारे बदलत राहतात, पण वही राहते आणि नव्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून चिखल करून शिकावे लागत नाही. दुसरी, वर्गाच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास खोली मोकळी द्यावी. तासाभराच्या वर्गाला तासभरच खोली दिली की मांडामांड आणि आवराआवर मुलांच्या पस्तीस मिनिटांतून कापली जाते, ओली चित्रे एकमेकांवर रचली जातात आणि सोपे म्हणून शिक्षक पुढच्या वेळी पुन्हा फळ्यावर मासा काढतात.

आपले,
बालचित्रकला वर्ग घेणारे काही शिक्षक